चलराशीस मूल्य देणे

संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या स्थानास नाव देऊन त्या नावाखाली संख्या वा अन्य माहिती साठविण्याच्या क्रियेस चलराशीस मूल्य देणे असे म्हणतात. नाव कायम राहते. नवे मूल्य येताच जुने पुसले जाते.

राशीस नाव देण्याची रीत भारतीय गणितात जुनी आहे. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिल्या अव्यक्त राशीस ‘यावत्तावत्’ व पुढील राशींस ‘कालक’, ‘नीलक’, ‘पीतक’ अशी वर्णांची नावे दिली. लिहिताना या, का, नी ही आद्याक्षरे योजीत. अव्यक्ताची किंमत राशीत घालण्याच्या क्रियेस ‘उत्थापन’ ही संज्ञा आहे. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. तथापि या साधर्म्यावरून भास्कराचार्यांस संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक ठरविणे योग्य नव्हे. त्यांचे यावत्तावत् अज्ञात असते. परंतु उदाहरण सोडविताना ते मध्येच बदलत नाही.

संगणकातील चलराशी नेमकी बदलण्यासाठीच असते. कोल्हापूर परिसरातील एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे उदाहरण घेता येईल. सकाळी ‘एकूण’ या नावाखाली ० ठेवले. ३ टन उसाची गाडी आली, की आज्ञा होते : एकूण = एकूण + ३. उजवीकडील ‘एकूण’ म्हणजे आधीचा साठा, डावीकडील म्हणजे नवा. पुढची गाडी २ टनांची असल्यास त्याच नावाखाली ५ येतात. बीजगणिताच्या दृष्टीने मात्र हे समीकरण खोटे आहे, कारण त्यावरून ० = ३ असे निष्पन्न होईल.

हा घोटाळा चिन्हाचा आहे. १९५७ मध्ये आयबीएमच्या ‘फोर्ट्रान’ भाषेने मूल्य देण्यासाठी समतेचेच चिन्ह घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’साठी आज्ञा यंत्रभाषेत लिहीत, तेथे स्मृतिस्थानाचा क्रमांकच द्यावा लागे, त्यामुळे असा भ्रम होण्यास वाव नव्हता. १९५८ च्या ‘अल्गॉल’ने := हे स्वतंत्र चिन्ह योजले आणि ते अधिक सयुक्तिक होते. पुढे १९७२ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘सी’ भाषेने मूल्यासाठी = व तुलनेसाठी == अशी वाटणी केली. मराठी विद्यार्थी शाळेपासून = हे चिन्ह ‘बरोबर’ असे वाचत आलेला असतो. त्यामुळे तुलना करताना तो एकच चिन्ह लिहितो, आणि यंत्र तुलना करण्याऐवजी मूल्यच बदलून पुढे जाते.