मालेगावचा सुपरमॅन

१/ मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा दंगल किंवा बॉम्बस्फोट या शब्दांच्या शेजारीच छापले गेले. त्याच वर्षांत या गावातील काही माणसे सिनेमे काढीत होती. गावाच्या इतिहासात हीही नोंद हवी.

२/ नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० मध्ये मोसम नदीकाठी किल्ला उभारण्यास घेतला. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. नदीच्या एका काठावर मुख्यतः मुस्लिम वस्ती वाढली, दुसऱ्या काठावर मुख्यतः हिंदू. सूत आणि कापडाच्या व्यवहाराने दोन्ही काठ बांधलेले राहिले, पण शेजार विरळ होत गेला.

३/ शुक्रवार हा माग-कामगारांच्या सुटीचा दिवस, आणि सुटी म्हणजे सिनेमा. व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवरून आले. गावाने तो डोक्यावर घेतला.

४/ ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारणाऱ्या पत्रकांवरून पोलिसांशी वाद झाला. त्यातून दंगल पेटली, गोळीबार झाला आणि दहाहून अधिक माणसे दगावली.

५/ ८ सप्टेंबर २००६. गणेश विसर्जनाला दोनच दिवस झाले होते. शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक बळी गेले. लोकांचा संताप पोलिसांवर निघाला, तरीही हिंदू-मुस्लिम दंगल उसळली नाही. पाच वर्षांपूर्वीचे मालेगाव आठवता ही साधी गोष्ट नव्हती.

६/ त्यानंतर नासिर शेख यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. नायक शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते. बैलगाडीची क्रेन झाली. या सुपरमॅनची लढाई परग्रहाशी नव्हती; गावाला पोखरणाऱ्या तंबाखूशी होती. फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हा सारा खटाटोप टिपला. पुढे शफीक यांचे कर्करोगानेच निधन झाले.

७/ या सिनेमांनी नदीवरचे अंतर मिटविले, असे म्हणता येणार नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले. राजकारणातील दुफळी आजही आहे. परंतु ज्यांच्या हाती सत्ता नव्हती आणि पैसाही नव्हता, अशा माणसांनी परिस्थिती निवळण्याची वाट पाहिली नाही. स्वतःच्या गावाचा खरा शत्रू कोण, हे त्यांनी स्वतः ठरविले. आणि तो नदीपलीकडचा शेजारी नव्हता. आशेचा पुरावा शोधायचा तर तो येथे आहे.