तळघरातला पाइप आणि घराचं अर्थिंग

आपल्याकडे अर्थिंग म्हटलं की कोळसा-मीठ घातलेला खड्डा आठवतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत असा खड्डा नसतो. तळघरात उतरलं की पाण्याच्या मीटरजवळ, रस्त्याकडून येणाऱ्या पाइपला क्लॅम्पने आवळलेली तांब्याची तार दिसते. घराचं अर्थिंग म्हणजे तेच!

ही प्रथा कशी पडली? ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर हजारो व्होल्ट थेट घरात शिरायचे. म्हणून एक तार, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला जोडायची कल्पना निघाली. त्यावर बरीच वर्षं वाद झाले. शेवटी १९१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १५० व्होल्टपर्यंतच्या घरगुती वायरिंगला ते सक्तीचं केलं. जमिनीत मैलोन् मैल पुरलेलं, एकमेकांना जोडलेलं शहराचं लोखंडी नळांचं जाळं आयतंच होतं. त्याच्यापुढे एखादी सळई काय टिकणार?

पण यात एक गोम होती. प्रत्येक घराचं न्यूट्रल पाइपला जोडलेलं, म्हणजे शेजारीपाजारीही एकमेकांना जोडलेले. एखाद्या घराचं न्यूट्रल तुटलं तरी प्रवाह पाइपातून शेजाऱ्याकडे जाऊन परततो. दिवे चालू राहतात, कुणाला पत्ताही लागत नाही. मग प्लंबर मीटर काढतो आणि पाइपच्या दोन टोकांमध्ये त्याचे हात येतात. म्हणून मीटरला वळसा घालून तांब्याची जोडतार बसवतात.

पुढे प्लास्टिकचे पाइप आले. रस्त्याखालचा पाइप बदलला की तळघरातली तार दिसायला जागच्या जागी, पण जमिनीशी संबंध संपलेला! १९७८ च्या संहितेने नुसत्या पाण्याच्या पाइपवर विसंबू नका, जोडीला दुसरा इलेक्ट्रोड द्या, असं सांगितलं. १९९३ मध्ये ही तार पाइप घरात शिरतो तिथून पाच फुटांच्या आतच जोडायची, असं ठरलं. जुन्या घरांना मात्र नवे नियम सहसा आपोआप लागू होत नाहीत. त्यात २०२४ मध्ये शिशाचे जुने पाइप बदलण्याचा केंद्रीय नियम झाला. पाइप बदलायचा तो पाणीवाल्यांनी, तार तपासायची ती वीजवाल्यांनी!

हे वाचल्यावर मी आमच्या पाणी खात्याला फोन केला. रस्त्याखाली आमचा पाइप कशाचा? उत्तर आलं, प्लास्टिकचा. त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून अंगणात आठ-आठ फुटी दोन सळया ठोकून घेतल्या.