सहावा अध्याय आणि आपण बायका

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर मी लिहावे हे धाडसच आहे. पण मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त मनातली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

माझ्या सासूबाई श्रावणात ज्ञानेश्वरीचे पारायण करीत. मी नवी सून, शेजारी बसून ऐकत असे. सहावा अध्याय आला की त्या भराभर वाचून पुढे जात. एकदा कारण विचारले, तर म्हणाल्या, "तो योग्यांचा प्रांत. संसारी बाईने नमस्कार करून पान उलटावे." मी पान उलटले, पण प्रश्न मनात राहिला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची रीत सांगितली आहे. जागा स्वच्छ असावी. आसन फार उंच नको, फार सखल नको. पाठ, मान व डोके सरळ ठेवावे, आणि मन पळाले की पुन्हा वळवून आणावे. हे सारे संस्कृतात असल्यामुळे आपल्यासारख्यांना बंदच होते. ज्ञानदेवांनी त्यात कुंडलिनीचे सविस्तर वर्णन घातले. ते मूळ गीतेत नाही. ती नाथपंथाची विद्या, गुरूने शिष्याला एकांतात द्यावयाची. गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांना, त्यांच्याकडून निवृत्तिनाथांना आणि पुढे ज्ञानदेवांना ती मिळाली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशास त्यांनी ती श्रोत्यांपुढे मराठी ओवीत सांगितली.

त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई. चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षे जगले अशी कथा आहे. त्यांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले, तेव्हा इतके जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, पण चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईला. चौदाशे वर्षांचे राहू द्या. पण एवढ्या मोठ्या योग्याला वाट दाखविणारी एक लहान मुलगी होती, ही गोष्ट आपल्या लोकांनी सातशे वर्षे आवडीने सांगितली. मग आपल्याला पान उलटायला कोणी शिकविले?

दुसरी हकिगत आपल्या शेजारची. पनवेललगतच्या पेण तालुक्यात गागोदे येथे १८९५ साली विनोबा भाव्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. सोपी मराठी गीता तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. १९१८ साली त्या वारल्या. विनोबांनी 'गीताई' लिहिली ती १९३०-३१ मध्ये. आईला ती पाहता आली नाही, पण तिच्या एका मागणीने ती घरोघरच्या बायकांच्या हाती आली.

पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी ध्यानाला तीन गोष्टी लागतात असे सांगितले: चित्ताची एकाग्रता, जीवनात मोजमाप, आणि समदृष्टी. शेर-मापट्याने दाणे मोजणाऱ्या, सर्वांच्या पानात सारखे वाढणाऱ्या बाईला यातले परके काय आहे?

मी पहाटे चूल, म्हणजे आता गॅस, पेटविण्याआधी पाटावर दहा मिनिटे बसते. देव दिसला असे मी म्हणणार नाही. सुरुवातीला तर दूध आणि डबेच दिसत! पण त्या दिवशी तोंडून वाकडा शब्द कमी जातो.

सासूबाईंना शेवटच्या दुखण्यात झोप येत नसे. मी उशाशी बसून हळूहळू सांगे, "श्वास आत घ्या, राम म्हणा, सोडा, राम म्हणा." त्यांचा हात माझ्या हातात सैल पडे. एका रात्री म्हणाल्या, "तो सहावा अध्याय काढ गं. घाई करू नकोस." तीन रात्री मी तो त्यांना वाचून दाखविला.

आपल्या मंडळात भजनानंतर चहाची गडबड होते. त्याआधी दहा मिनिटे सर्वांनी मिळून शांत बसावे, एकीने हळू आवाजात वाट सांगावी, एवढीच माझी विनंती.