बॅ. नाथ पै यांचे संमत न झालेले विधेयक

विरोधी बाकांवरील सदस्याचे संसदीय कार्य मतांच्या संख्येने मोजता येत नाही. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांचे उदाहरण पाहावे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. प्रजासमाजवादी पक्षाच्या या सदस्याने त्याच वर्षी अनुच्छेद ३६८ मध्ये दुरुस्ती सुचविणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले. घटना बदलण्याचा अधिकार लोकनियुक्त संसदेकडे असावा, ही त्यांची भूमिका होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. संमत मात्र झाले नाही.

१८ जानेवारी १९७१ रोजी, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाच्या दुसऱ्या दिवशी, बेळगावात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली; तिचे तत्त्व तेच होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती वैध ठरविली, परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली.

सीमाभागात आपण संख्येने थोडे आहोत. म्हणूनच आपले म्हणणे कायद्याच्या भाषेत, नेमकेपणाने नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. आज फेटाळलेला युक्तिवाद उद्या कायदा होऊ शकतो. न नोंदवलेला कधीच नाही.