एक मतदार, अनेक मते : महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांच्या मतदानसाधनांचा इतिहास

भारतातील मतदानयंत्राचा इतिहास बहुधा लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका या संस्थांच्या निवडणुकांत कोणते साधन वापरावे, ते कोणी ठरवावे आणि ते त्या निवडणुकांच्या रचनेला कितपत जुळते, हे प्रश्न त्या इतिहासात तळटीपेपुरतेच उरले आहेत. ही उपेक्षा अन्यायकारक आहे, कारण मतदानसाधनाची खरी कसोटी स्थानिक निवडणुकीतच लागते. लोकसभेच्या निवडणुकीत मतदार एकच मत देतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र तोच मतदार जिल्हा परिषदेसाठी एक आणि पंचायत समितीसाठी एक अशी दोन मते एकाच वेळी देतो, द्विसदस्यीय प्रभाग असलेल्या नगरपरिषदेत थेट नगराध्यक्ष धरून तीन, तर चार सदस्यांच्या प्रभागात महानगरपालिकेसाठी चार मते देतो. एका मतासाठी घडवलेले साधन अनेक मतांच्या निवडणुकीत वापरताना जी ओढाताण झाली, तिच्याभोवतीच महाराष्ट्रातील स्थानिक मतदानसाधनांचा इतिहास फिरतो.

ही ओढाताण यंत्राच्या आधीपासूनची आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवली जात असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची असे. साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या देशात ही पद्धत सोयीची ठरेल, असा त्यामागील विचार होता. त्यासाठी लागलेल्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या नव्या कारखान्यात तयार झाल्या. त्या काळात काही मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागांचे होते. तेथे मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास त्यांपैकी एकच ग्राह्य धरली जाई. एकापेक्षा अधिक मते द्यावयाची म्हटल्यावर मतदाराचा कसा गोंधळ उडू शकतो, हे प्रशासनाला तेव्हाच दिसले होते. १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघ मोडीत काढण्यात आले आणि त्यानंतर संसदीय व विधानसभा निवडणुकीपुरता हा प्रश्न मिटला. पुढे यंत्र घडवणाऱ्यांनी एक मतदार, एक मत हेच गृहीत धरले, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

साठच्या दशकाच्या आरंभी स्वतंत्र पेट्यांची जागा शिक्क्याच्या पद्धतीने घेतली. सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापली जाऊ लागली, मतदाराने पसंतीच्या चिन्हावर रबरी शिक्का उमटवावा, कागदाची घडी घालावी आणि तो सामाईक पेटीत टाकावा, असे ठरले. घडी घालण्याचीही एक रीत होती. मतपत्रिका प्रथम उभी दुमडावयाची, म्हणजे ओल्या शिक्क्याचा ठसा त्याच उमेदवाराच्या रांगेत उमटतो. आडवी दुमडल्यास तो दुसऱ्याच्या चिन्हावर उतरून मत वादग्रस्त होण्याचा संभव असे. दोन रकान्यांच्या सीमेवर पडलेला शिक्का, दोनदा मारलेला शिक्का, शिक्क्याऐवजी केलेली सही, अशा मतपत्रिका मोजणीच्या टेबलावर बाजूला काढल्या जात आणि त्यांच्या ग्राह्यतेवरून उमेदवारांचे प्रतिनिधी तासन् तास हुज्जत घालीत. ग्रामपंचायतीत एका-दोन मतांनी निकाल फिरू शकत असल्याने ही हुज्जत क्षुल्लक म्हणता येत नाही. असे असले तरी कागदाचा एक गुण नंतरच्या कोणत्याही साधनाला सहजासहजी साधला नाही. मतांची संख्या वाढली की वेगळ्या रंगाची आणखी एक मतपत्रिका छापली की काम भागत असे. साधनाची रचना बदलावी लागत नसे.

इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राची कल्पना १९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांच्या कारकिर्दीत पुढे आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक कंपनीने १९७९ मध्ये पहिला नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांपुढे सादर झाला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही या कामात आली. यंत्राच्या बाह्य रचनेत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचा, विशेषतः ए. जी. राव आणि रवी पूवय्या या अध्यापकांचा वाटा होता. यंत्राचे दोन मुख्य भाग आहेत : मतदान अधिकाऱ्यासमोर राहणारे कंट्रोल युनिट आणि पडद्याआड मतदारासमोर राहणारे बॅलट युनिट. अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरील बटण दाबले की बॅलट युनिट एका मतापुरते खुले होते. मतदाराने उमेदवारासमोरील बटण दाबताच दिवा लागतो, शिट्टीसारखा आवाज होतो आणि यंत्र पुन्हा बंद होते. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबले तरी काही नोंदले जात नाही. एकाच व्यक्तीने पुनःपुन्हा मत देऊ नये, यासाठी केलेली ही कुलूपबंदी यंत्राचे सर्वांत मोठे बळ आहे, आणि अनेक मतांच्या निवडणुकीत हीच त्याची मुख्य अडचणही आहे.

या यंत्राचा पहिला वापर १९ मे १९८२ रोजी केरळमधील परवूर विधानसभा मतदारसंघातील ५० केंद्रांवर झाला. शिवन पिल्लई १२३ मतांनी निवडून आले, पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरील मतदान रद्द ठरवले. यंत्र सदोष असल्याचे न्यायालयाने म्हटले नव्हते. कायद्यात मतपत्रिकेने मतदान सांगितले असताना आयोगाला केवळ आपल्या अधिकारात दुसरे साधन आणता येत नाही, असा तो निर्णय होता. फेरमतदानात जोस विजयी झाले. संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ घालून यंत्राला मान्यता दिली, १९९९ मध्ये गोवा विधानसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रावर झाली, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावर घेण्यात आली. परवूरच्या निर्णयातील तत्त्व स्थानिक निवडणुकांच्या इतिहासात पुढे पुन्हा कळीचे ठरले.

स्थानिक निवडणुकांना स्वतंत्र यंत्रणा मिळाली ती ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या या दुरुस्त्यांनी प्रत्येक राज्यात भारत निवडणूक आयोगापासून वेगळा असा राज्य निवडणूक आयोग आवश्यक केला, आणि महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये स्थापन झाला. तत्पूर्वी या निवडणुका राज्य शासनाच्या मर्जीने होत आणि सोयीनुसार लांबणीवरही पडत. नव्या आयोगाकडे मतदार यादीपासून निकालापर्यंतची जबाबदारी आली, परंतु साधनाच्या बाबतीत त्याचे हात सर्वस्वी मोकळे नव्हते. लोकसभा व विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा हा एकच पाया आहे. महाराष्ट्रातील स्थानिक संस्था मात्र मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा, इतर महानगरपालिकांचा १९४९ चा, ग्रामपंचायतींचा १९५८ चा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा आणि नगरपरिषदांचा १९६५ चा, अशा निरनिराळ्या कायद्यांखाली चालतात. त्यामुळे यंत्राची तरतूद या सर्व कायद्यांत व त्यांच्या नियमांत करावी लागली. ती २००५ मध्ये झाली.

कायदा बदलला तरी यंत्र बदलणे तेवढे सोपे नव्हते. आरक्षणाच्या तरतुदी आल्यानंतर बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेला अ, ब, क, ड अशी ओळख मिळाली, कोणती जागा महिलांसाठी व कोणती मागासवर्गीयांसाठी हे ठरू लागले, आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक याप्रमाणे मते देणे क्रमप्राप्त झाले. यासाठी राज्य आयोगांनी बहुपदी यंत्र स्वीकारले. अधिकाऱ्याने एकदा परवानगी दिली की हे यंत्र ठरलेल्या सर्व जागांची मते नोंदली जाईपर्यंत खुले राहते. एका जागेचे मत पडले की तेवढी जागा बंद होते, आणि अखेरचे मत पडल्यावर लांब आवाज होतो. जागा ओळखता यावी म्हणून बॅलट युनिटवरील मतपत्रिकेला रंग दिले गेले : २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकांत अ जागेसाठी पांढरा, ब साठी फिकट गुलाबी, क साठी फिकट पिवळा आणि ड साठी फिकट निळा. कागदी मतपत्रिकेची रंगांची जुनी युक्ती अशा रीतीने यंत्रावर परत आली. एका बॅलट युनिटवर १६ बटणे असतात. चार जागांसाठी प्रत्येकी आठ उमेदवार आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय धरला, तर ३६ बटणे लागतात, म्हणजे मतदारासमोर किमान तीन युनिटे मांडावी लागतात.

एवढे साधल्यावरही आयोगाला स्थैर्य लाभले नाही, कारण प्रभागाचा आकार राज्यकर्ते बदलत राहिले. मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एका सदस्याचे झाले, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार. ग्रामपंचायतीत सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. नगराध्यक्षपदाच्या बाबतीतही असाच फेरा झाला. अशा प्रत्येक निर्णयासरशी एका मतदाराच्या मतांची संख्या बदलली, आणि तिच्याबरोबर लागणाऱ्या युनिटांची संख्या, मतपत्रिकांची मांडणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि मतदाराला द्यावयाची माहिती हे सारे बदलले. प्रभागरचनेवरील वादात पक्षीय फायद्यातोट्याची चर्चा पुष्कळ झाली. साधनावर पडणारा हा भार मात्र विधिमंडळाने कधी गांभीर्याने विचारात घेतल्याचे दिसत नाही. रखडलेल्या निवडणुका २०२५ मध्ये एकापाठोपाठ एक घेण्याची वेळ आली तेव्हा आयोगाला आपली यंत्रे अपुरी पडली आणि मध्य प्रदेशच्या राज्य आयोगाकडून ती आणावी लागली.

इतर राज्यांनी याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे शोधली. केरळने त्रिस्तरीय पंचायतींसाठी एका कंट्रोल युनिटला तीन बॅलट युनिटे जोडली आणि सर्व स्तरांवर मत देऊ न इच्छिणाऱ्यासाठी मतदान संपवण्याचे वेगळे बटण ठेवले. महाराष्ट्राने त्याऐवजी प्रत्येक जागेसमोर ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय दिला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या पर्यायाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेशही काढला. बिहारने २०२१ च्या पंचायत निवडणुकीत काढून ठेवता येणारा स्मृतिकोश असलेली यंत्रे मागवली, जेणेकरून एका टप्प्याचा निकाल सुरक्षित ठेवून तेच यंत्र पुढच्या टप्प्यात वापरता येईल. त्या खरेदीसाठी भारत निवडणूक आयोगाची संमती हवी की नको, यावरून प्रकरण पाटणा उच्च न्यायालयात गेले. त्याच निवडणुकीत सरपंच व पंच या पदांसाठी कागदी मतपत्रिकाच वापरल्या गेल्या.

यंत्रामुळे गोपनीयतेचा एक जुना प्रश्नही तीव्र झाला. कागदाच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मोजणीपूर्वी मिसळता येत. यंत्र मात्र प्रत्येक केंद्राचा हिशेब वेगळा दाखवते. लोकसभेच्या विस्तीर्ण मतदारसंघात याची झळ कमी लागते, पण काहीशे मतदारांच्या केंद्रावर कोणती वाडी वा वस्ती कोणाच्या बाजूने गेली हे दुसऱ्या दिवशी गावभर झालेले असते, आणि पाण्याची योजना वा रस्ता मंजूर करणारा सदस्य तेवढे लक्षात ठेवतो. एका वेळी १४ यंत्रांची बेरीज करणारे टोटलायझर नावाचे उपकरण तयार झाले होते, आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये ते वापरण्याची शिफारसही केली. केंद्र शासनाने ती मानली नाही. ज्या छोट्या गावात प्रभागाचे एकच केंद्र असते तेथे त्याचाही उपयोग नसता. असे असले तरी तालुका व जिल्हा पातळीवरील निवडणुकांत त्याने दुर्बल वस्त्यांना खरे संरक्षण मिळाले असते, आणि ती संधी सोडणे ही गंभीर चूक होती.

सर्वांत अलीकडचा वाद व्हीव्हीपॅटचा, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी मतदाराला काचेआडून दाखवणाऱ्या जोडयंत्राचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी ते टप्प्याटप्प्याने आणण्यास सांगितले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्वत्र वापरले गेले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१७ मधील नांदेड-वाघाळा महानगरपालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात त्याचा प्रयोग झाला, पण पुढे तो विस्तारला नाही. २०२५ मध्ये मागणी पुन्हा उठली तेव्हा राज्य आयोगाने दोन कारणे दिली : स्थानिक निवडणुकांच्या कायद्यांत व्हीव्हीपॅटची तरतूद नाही, आणि अनेक मते नोंदणाऱ्या यंत्राला जोडता येईल असे व्हीव्हीपॅट अद्याप सिद्ध झालेले नाही.

यांतील दुसरे कारण पोकळ नाही. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. एका केंद्रावर हजार मतदारांनी प्रत्येकी चार मते दिली, तर केवळ चिठ्ठ्या दिसण्यातच २८,००० सेकंद, म्हणजे पावणेआठ तासांहून अधिक वेळ जाईल, आणि सकाळी साडेसातपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत चालणाऱ्या मतदानाचे एकूण तास दहाच आहेत. चारही मते एकाच चिठ्ठीवर छापणारे जोडयंत्र ही अडचण बरीच सोडवू शकेल, परंतु त्यासाठी ते स्थानिक मतदान डोळ्यांसमोर ठेवून मुळापासून घडवावे लागेल. मुंबई महानगरपालिकेच्या बाबतीत मात्र हे कारण लागू पडत नाही. तेथील २२७ प्रभाग एकसदस्यीय आहेत, मतदार लोकसभेप्रमाणेच एक मत देतो, आणि एका मताचे व्हीव्हीपॅट देशभर वापरून झालेले आहे. तेथे शिल्लक उरतो तो फक्त तरतुदीचा मुद्दा, आणि १८८८ च्या अधिनियमात ती तरतूद करणे हे राज्य विधिमंडळाच्या हातातले काम आहे.