अटी लागू

नगर म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो, चांदबीबीचा महाल आठवतो. (आता कागदोपत्री अहिल्यानगर. पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) नगरचं आणखी एक खातं मात्र आपण फारसं उघडून बघत नाही, ते म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. 1831 पासून हे मिशनवाले तिथे होते. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

1846 साली रॉयल वाइल्डर नावाचा एक तरुण पाद्री नगरला आला. सहा वर्षं तिथे काढून 1852 मध्ये कोल्हापूरला गेला, तिथे शाळा काढल्या. पुढे अमेरिकेत परत जाऊन त्याने 1878 मध्ये 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक सुरू केलं. म्हणजे मराठी मुलूख आतून बाहेरून बघितलेला माणूस. आपल्याला कोण मदत करेल असा विचार करणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला हाच पत्ता सुचणार ना?

आणि तसंच झालं. कोल्हापुरात पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींना आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचं होतं. त्यांनी मिशनऱ्यांना गळ घातली, पत्र वाइल्डरपर्यंत पोचलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ती व्हा, मग बघू. हल्ली कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना खाली एक चौकोन असतो, त्यावर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तसलाच प्रकार. जोशी नवराबायकोने टिक केलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वाइल्डरने हा पत्रव्यवहार मासिकात छापला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक पडला, तोही दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना! त्यांनी सरळ आनंदीबाईंना पत्र लिहिलं. धर्माची अट नाही, कसली अट नाही. पुढची तीन वर्षं पत्रं जात येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

त्या कलकत्त्याकडे असतानाच तब्येत ढासळायला लागली होती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनच ताप, धाप. मावशींनी अमेरिकेतून औषधं पाठवली, गुण आला नाही. तरी फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे!) कॉलेजात भर सभेत त्यांनी सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. वय होतं सतरा. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आणि याच काळात क्षयाने त्यांना गाठलं. योगायोग बघा. त्या निघण्याच्या वर्षभर आधी, 24 मार्च 1882 ला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. त्या फिलाडेल्फियात शिकत असताना न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकला डॉ. ट्रूडो क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवून उपचार करत होता. तो स्वतःच क्षयाचा पेशंट. म्हणजे आजाराचं कारण कळलं होतं, पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडलं. डीबगिंग करताना कधीकधी नेमकी चूक कुठली ते कळतं, पण दुरुस्ती आपल्या हातात नसते. इथे दावणीला आयुष्य होतं.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना तिथल्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डवर नेमलं होतं. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत त्या ठेवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाइल्डरही वारला.

वाइल्डरला मी खलनायक करणार नाही. आयुष्याची तीसेक वर्षं त्याने इथे घालवली, आणि त्याने ती पत्रं छापली नसती तर मावशी भेटल्याच नसत्या. पण आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळखीवर त्याने स्वतःच्या हाताने अट घातली, हेही खरंच.

सगळे पाद्री असे होते असंही नाही. पुरावा परत नगरलाच सापडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला राहिले. पुढे ठोंबरे नावाचा एक तरुण कवी त्यांच्या घरी येऊन राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला आणि त्यावरून त्या घरात काही अडलं नाही. आपण त्याला बालकवी म्हणून ओळखतो.

एकाच गावात येऊन गेलेले दोन पाद्री. एकाने चौकोन समोर ठेवला, दुसऱ्याने दार उघडं ठेवलं.

आपण कुणाला मदत करायला जातो तेव्हा आपलाही एखादा चौकोन असतोच. जात, भाषा, पक्ष, किंवा नुसतं 'माझं ऐकलं पाहिजे'. मी माझे मोजायला बसलो, तर बरेच निघाले.