दक्षिणेचा रणध्वज आणि तो उभारल्याच्या तारखा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एखाद्या घराच्या ओसरीवर लाल कापडावर निळी तिरकी फुली आणि तीत तेरा पांढरे तारे असलेले निशाण दिसले, की ते लावणारा वंशद्वेष्टा आहे की केवळ पूर्वजांचा अभिमानी, हा वाद हमखास सुरू होतो. आणि दोन्ही पक्ष त्या माणसाच्या मनात डोकावू पाहत असल्याने तो सहसा सुटत नाही. मनाचा ठाव घेणे हे इतिहासाचे काम नव्हे. निशाण कोणी, कोठे आणि कोणत्या प्रसंगी उभारले, एवढे मात्र त्याला नेमके सांगता येते.

संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांनी १८६१ मध्ये स्थापलेल्या स्वतंत्र संघास 'कॉन्फेडरसी' म्हणतात. हे बंड गुलामगिरीच्या रक्षणासाठी होते, हा आरोप नंतरच्या टीकाकारांनी चिकटवलेला नाही. मिसिसिपीने फुटण्याची कारणे जाहीर करताना आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित असल्याचे स्वतःच नमूद केले होते, आणि या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील सव्हानाच्या भाषणात कृष्णवर्णीयांची कथित हीनता हीच नव्या सरकारची कोनशिला ठरवली होती. संघाचा पहिला राष्ट्रध्वज तीन आडव्या पट्ट्यांचा असून अमेरिकेच्या ध्वजाशी त्याचे इतके साम्य होते, की जुलै १८६१ मधील मनॅससच्या लढाईत आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे कठीण झाले. तेव्हा राष्ट्रध्वज म्हणून नाकारला गेलेला विल्यम पोर्चर माइल्स यांचा फुलीचा आराखडा जनरल बोरगार्ड यांनी उचलून धरला आणि त्यातून रणध्वज, म्हणजे रणांगणावर पलटणींनी वागवायचे निशाण, तयार झाले. 'हा सैनिकांचा ध्वज, राजकारण्यांचा नव्हे' हा आजचा बचाव या उगमावर उभा आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु मे १८६३ मध्ये दुसऱ्या राष्ट्रध्वजाच्या पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात हीच फुली बसवण्यात आली आणि अशा ध्वजाचा पुरस्कार करणाऱ्या विल्यम थॉम्पसन या सव्हानाच्या संपादकाने तो गोऱ्या माणसाचा ध्वज असल्याचे छापून सांगितले, तेव्हापासून हा बचाव लंगडा पडतो.

१८६५ च्या पराभवानंतर हे निशाण बहुतांशी स्मृतिसमारंभांत आणि निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यांत दिसे. मिसिसिपीने १८९४ मध्ये ते राज्यध्वजात घेतले, ते कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणारी राज्यघटना लागू झाल्यावर चार वर्षांनी. खरे वळण मात्र १९४८ मध्ये आले. अध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणाला विरोध म्हणून डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्या दक्षिणी गटाने स्ट्रॉम थर्मंड यांना अध्यक्षपदासाठी उभे केले आणि त्यांच्या सभांतून हे निशाण मिरवले गेले. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. दोनच वर्षांनी जॉर्जियाने, त्या निकालाला विरोध करणारे ठराव ज्या अधिवेशनात संमत झाले त्याच अधिवेशनात, ही फुली राज्यध्वजावर घेतली. दक्षिण कॅरोलिनाने १९६१ मध्ये यादवी युद्धाच्या शताब्दीचे निमित्त साधून ती कोलंबियातील विधानभवनाच्या घुमटावर चढवली. परंतु समारंभ संपल्यावरही ती उतरवली गेली नाही, आणि निमित्त संपूनही जे टिकते त्याचे कारण निमित्तापलीकडे शोधावे लागते.

२००० मधील तडजोडीने हे निशाण घुमटावरून खाली येऊन आवारातील सैनिक-स्मारकाजवळ उभारले गेले आणि विधिमंडळाच्या संमतीविना त्याला कोणी हात लावू नये, अशी तरतूद झाली. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या एमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेस जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली आणि हेच निशाण हातात घेतलेली मारेकऱ्याची छायाचित्रे उजेडात आली; त्या शोकात घुमटावरील राष्ट्रध्वज आणि राज्यध्वज अर्ध्यावर उतरवले गेले, पण खालचे हे निशाण मात्र पूर्ण उंचीवरच राहिले. ब्री न्यूसम या कार्यकर्तीने खांबावर चढून ते काढले, तेव्हा तिला अटक झाली आणि निशाण थोड्याच वेळात पुन्हा चढवले गेले. अखेर विधिमंडळाने कायदा केल्यावर १० जुलै २०१५ रोजी ते उतरवण्यात आले.

ओसरीवरच्या माणसाला यावरून द्वेष्टा ठरवता येणार नाही. त्याला आजोबा-पणजोबांची आठवण जपायची असेल, किंवा ते निशाण एखाद्या दूरदर्शन मालिकेतील मोटारीवर पाहून आवडलेलेही असेल. पण शासनाच्या इमारतीवर ते चढवणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही, कारण त्यांनी निवडलेल्या तारखाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात. जॉर्जियाचे उदाहरण या निर्णयाला बळ देते: २००१ मध्ये १९५६ चा ध्वज बदलल्यावर त्या राज्याने २००३ मध्ये स्वीकारलेला ध्वज कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजाशी उघड साम्य राखतो, आणि तो बंडखोर सरकारचा खरा ध्वज असूनही, शाळांच्या एकीकरणाविरुद्ध तो कधी मिरवला गेला नसल्यामुळे, त्यावर फारशी ओरड झाली नाही; २००४ च्या सार्वमतात तर मतदारांनी मोठ्या बहुमताने त्यालाच पसंती दिली.